काटने का नै, खोलने का

जुन्या स्पोर्ट्स कारची आवड असलेल्या माणसांमध्ये दोन तट असतात. एक तट म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, बंपरसकट. दुसरा म्हणतो, आधी बंपर उतरवा, मग बघा गाडी कशी दिसते. बंपर म्हणजे गाडीच्या पुढे-मागे आडवी बसवलेली पोलादी पट्टी. ती निघाली की गाडीचा चेहरा मोकळा होतो, गाडी ठेंगणी आणि चपळ दिसते. शर्यतीत उतरणारे वजन कमी करायला बंपर काढायचे आणि रस्त्यावरचे शौकीन त्यांची नक्कल करायचे. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती होत. तिथे परदेशी गाड्यांबरोबर आपल्या फियाट आणि हेराल्डही धावायच्या.

मी गाड्यांमधली जाणकार नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण माझ्या मामूंचं विश्रामबागेत छोटं गॅरेज होतं आणि लहानपणापासून शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. घासलेटचा आणि गंजाचा वास मला आजही परका वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका हेराल्डच्या बंपरवरून तिथे जो वाद झाला, तो मी सुरुवातीपासून ऐकला. वाद गाडीचा होता, पण मला तो माझ्या विषयाचाही वाटत आला आहे. म्हणून आज त्यावर लिहिते.

आधी गाडीबद्दल. स्टँडर्ड हेराल्ड १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचा आराखडा इटलीतल्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. याच हेराल्डची चॅसिस आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने ‘स्पिटफायर’ नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. तिचाही आराखडा मिकेलोत्तींचाच. म्हणजे आपली हेराल्ड ही नात्याने स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. स्पिटफायर आपल्याकडे क्वचितच दिसते. त्यामुळे ज्याला स्पिटफायरचं स्वप्न पडतं, तो हेराल्डकडे बघून समाधान मानतो, नाहीतर हेराल्डला स्पिटफायर करायला निघतो.

हेराल्डची एक गोष्ट मामू फार कौतुकाने सांगायचे. त्या काळात बहुतेक कारखाने गाडीची बॉडी एकसंध जोडून करू लागले होते. ट्रायम्फकडे तशी बॉडी बनवून देणारा पुरवठादार उरला नव्हता, तो प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला होता. म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चॅसिस केली आणि बॉडीचे वेगवेगळे भाग बोल्टांनी जोडले. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे सोयीची ठरली. सुटे भाग पेटीत घालून दुसऱ्या देशात पाठवायचे आणि तिथे जोडायचे, हे या गाडीला सहज जमलं. मामू म्हणायचे, “ये गाडी खोलने के लिए पैदा हुई है.” पुढचा अख्खा तोंडवळा, मडगार्डांसह, एका झटक्यात पुढे कलंडतो आणि इंजिन चहूबाजूंनी उघडं पडतं. मिस्त्रीला अशी गाडी आवडली नाही तरच नवल.

ही हेराल्ड १९६६ ची होती. मालक निवृत्त इंजिनिअर, गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आधी ते खणभागात राहायचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गाडी तिथेच अडकली होती. पाणी ओसरल्यावर ती मामूंकडे आली आणि पुढचं दीड वर्ष जमेल तसं काम चाललं. सीट गेल्या, वायरिंग गेलं, पण इंजिन पुन्हा बोललं. त्यानंतर मालकांचा मुलगा पुण्याहून आला. त्याला वाटत होतं, आता एवढं केलंच आहे तर गाडी ‘स्पिटफायर’सारखी करू. रंग लाल, बसणी खाली आणि बंपर गायब.

त्याने पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये विचारून ठेवलं होतं. त्यांचा सल्ला असा, की नुसता बंपर काढला तर मागचे ब्रॅकेट आणि भोकं दिसत राहतात. ते ग्राइंडरने सपाट कापायचं, भोकं पत्र्याने बुजवायची, वर लांबी भरून रंग मारायचा. गाडीला कधी बंपर होता हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

मामूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बंपर उतारता मैं. लेकिन काटने का नै, खोलने का. खोलेली चीज फिर लगती. काटेली नै लगती.”

मुलगा हसला. म्हणाला, “चाचा, परत लावायचाच नाहीये तो.”

“तुमको नै लगाना. गाडी तुम्हारे बाद भी रहेगी ना.”

मालक काही बोलले नाहीत. त्या दिवशी काम तिथेच थांबलं. हे काम मामूंच्या दृष्टीने छोटं नव्हतं. पुराने गॅरेजचं बरंच नुकसान केलं होतं, हात थरथरायला लागले होते आणि नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात होत्या. कापून, बुजवून, रंगवून देण्याचे पैसे चांगले मिळाले असते. मामींनी रात्री ते बोलूनही दाखवलं. मामू एवढंच म्हणाले, की त्याने पुण्याला नेली तर नेली.

गाडी पुण्याला गेली नाही. चार दिवसांनी मालकांचा फोन आला, “तुम्ही म्हणता तसं करा.”

मुलाचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. बंपर नेहमीच गाडीचा मूळ अवयव असतो असं नाही. सुरुवातीच्या मोटारींना बंपर नसत. पुढेही बरीच वर्षं ते जादा पैसे देऊन बसवून घ्यायची वस्तू होते. काही गाड्यांवर तर ते कायद्याने लादले गेले. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती १९६२ मध्ये आली तेव्हा तिला क्रोमचे नाजूक बंपर होते. पुढे अमेरिकेने नियम केला, की १९७३ च्या मॉडेलपासून गाडी ताशी ५ मैल, म्हणजे साधारण ८ किलोमीटर वेगाने पुढून धडकली तरी दिवे आणि इंधनाची टाकी यांना इजा होता कामा नये. पुढच्याच वर्षी मागच्या बाजूलाही तीच कसोटी लावली आणि बंपर जमिनीपासून किती उंचीवर हवा तेही ठरवून दिलं. एवढ्या कमी वेगात माणूस सहसा मरत नाही. या नियमांमागे दुरुस्तीच्या खर्चाचीही चिंता होती.

एमजीबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्यामुळे १९७४ मध्ये तिला पोलादी गाभ्यावर चढवलेले जाड काळे बंपर मिळाले; लोक त्यांना रबरी बंपर म्हणतात. उंचीची अट पाळायला अख्खी गाडी इंचभर उचलली. ठेंगणी गाडी उंच झाली आणि वळणावर झुकायला लागली. १९८० मध्ये ती बंद झाली तोवर असेच बंपर राहिले. आज त्या काळ्या बंपरच्या एमजीबीचे कितीतरी मालक ते काढून जुने क्रोमचे बसवतात. पण ते सोपं नाही. नवे बंपर सामावून घ्यायला कारखान्याने मडगार्डचा आकारच बदलला होता, त्यामुळे आता तिथे पत्रा कापावा आणि जोडावा लागतो. स्पिटफायरच्या १९६७ च्या मॉडेलमध्येही अमेरिकेच्या नियमांपायी पुढचा बंपर वर चढवला गेला, आणि लोकांनी त्याला नाव ठेवलं, ‘दातात हाड धरलेली’.

मग मूळ रूप कुठलं? आराखडा काढणाऱ्याच्या मनातलं, कारखान्यातून बाहेर पडलेलं, की कायद्याने बदललेलं? प्रश्न खरा आहे आणि प्रत्येक मालक त्याचं उत्तर आपल्या आवडीने देणार. मामूंना या प्रश्नात पडायचंच नव्हतं. त्यांचं म्हणणं इतकंच, की तुमचं उत्तर तुमच्याजवळ ठेवा, पण पुढच्या माणसाला त्याचं उत्तर द्यायला जागा ठेवा.

बंपर काढायचं काम दोन दिवस चाललं. बघणाऱ्याला वाटतं, चार नट फिरवले की झालं. पन्नास वर्षांचा गंज आणि त्यावर पुराचं पाणी, त्यामुळे नट फिरायलाच तयार नव्हते. मामूंनी आधी बॅटरीची वायर सोडवली. सगळ्या बोल्टांवर तेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी पुन्हा सोडलं. या बोल्टांचं डोकं गोल, वर क्रोम केलेलं आणि त्याखाली मान चौकोनी असते. ती मान पट्टीतल्या चौकोनी भोकात अडकून बसते, म्हणून नट फिरवताना बोल्ट जागचा हलत नाही. पण गंजाने त्या चौकोनाचे कोपरे खाल्ले, की नटाबरोबर बोल्टही गरागरा फिरत राहतो. इथे घाईचा माणूस ग्राइंडर उचलतो. मामूंनी बोल्टाचं डोकं दाबून धरायला माझ्या मामेभावाला समोर बसवलं आणि पाव-पाव फेरा पाना फिरवत नट काढले. मागचा एकच बोल्ट तुटला.

पट्टी सुटायच्या आधी दोघांनी दोन टोकं धरली. एक टोक आधी सुटलं तर दुसरं खाली घसरून रंग खरवडतं. पट्टी उलटी करून जमिनीवर ठेवली आणि सगळे गप्प झाले. समोरून आरशासारखी चकचकीत, आणि आत कृष्णेचा वाळलेला गाळ. तांबं, निकेल आणि वर अगदी पातळ क्रोम असे थर चढवतात ते दिसणाऱ्या बाजूवर नीट बसतात. आतल्या खोबणीत ते जेमतेम पोचतात. त्यामुळे असा बंपर आतून कुजत येतो आणि बाहेरून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बंपर उतरवला नसता, तर तो गाळ तिथे आणखी किती वर्षं ओल धरून बसला असता कोण जाणे. उतरवण्याचा हा एक फायदा मामूंनीही मान्य केला. त्यांनी गाळ खरवडून काढला, धुतला, उन्हात वाळवला, आतून गंजरोधक रंग दिला. मग पट्ट्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. ब्रॅकेट जागेवरच राहिले. त्यांच्या उघड्या टोकांवर रबराच्या टोप्या बसवल्या, कारण तसंच टोक बाहेर राहिलं तर पायी चालणाऱ्याच्या गुडघ्यात घुसेल. नट, बोल्ट, वायसर वेगवेगळ्या डब्यांत गेले आणि प्रत्येक डबीवर मामूंनी कागद चिकटवला.

गाडी दिसायला सुंदर झाली, हे मी नाकारणार नाही. मुलगा खूश होता. तीन महिन्यांनी वर्दळीच्या रस्त्यावर मागून एक स्कूटर हळूच टेकली. बंपरवर ओरखडा उठला असता. इथे मागचा पत्रा आत गेला आणि दिव्याची काच फुटली. दुसऱ्याचा मार आपल्या अंगावर घेणं हेच तर बंपरचं काम.

मामू शिकलगार समाजातले. हा शब्द मी वर्गात मुलांना नेहमी समजावून सांगते. ‘सैकल’ म्हणजे शस्त्राला लकाकी आणणं. ते करणारा ‘सैकलगर’, त्याचा आपल्याकडे शिकलगार झाला. तलवारींचे दिवस संपले तेव्हा मिरजेच्या शिकलगारांनी तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या आणि त्यांचं नाव देशभर झालं. मामूंच्या घराण्याकडे वाद्यं आली नाहीत, मोटारी आल्या. पण बंपरला लकाकी आणताना ते आपल्या आडनावाचंच काम करत होते.

गॅरेजमधली भाषा ऐकली की मला मौज वाटते. ‘मिस्त्री’ पोर्तुगिजांकडून आला, ‘दुरुस्ती’ आणि ‘पोलाद’ फार्सीतून, ‘बंपर’ इंग्रजीतून, ‘चाक’ घरचंच. मुलं विचारतात, मॅडम, यातले बाहेरचे शब्द काढून टाकले तर मराठी शुद्ध होईल का? तेव्हा मी त्यांना माधव जूलियन यांच्याबद्दल सांगते. माधवराव पटवर्धन हे त्यांचं नाव. ते फार्सीचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे, मराठीत गझल रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा तो आग्रह मला पटत नाही. पण त्याआधी, १९२५ मध्ये, त्यांनी फार्सी-मराठी कोश तयार केला होता. शब्द कुठून आला, त्याचा अर्थ काय, सगळं नोंदवून ठेवलं होतं. मराठीतून जे शब्द उतरवावेत असं त्यांना पुढे वाटलं, ते त्यांनीच आधी चिठ्ठी लावून जपून ठेवले होते. म्हणून आज माझ्यासारखी बाई तो कोश उघडते आणि शब्द पुन्हा जागेवर बसवते. मामूंच्या भाषेत सांगायचं तर, माधवरावांनी कापलं नाही, खोललं.

गेल्या हिवाळ्यात मामूंचा इंतकाल झाला. गॅरेज आता मामेभाऊ चालवतो. दोन महिन्यांपूर्वी त्याला हेराल्डच्या मालकांचा फोन आला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असेल, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मालकांना अर्ज करायचा होता. मुलगाही तयार होता. गाडी मूळ रूपात दाखवावी असं आता त्यालाच वाटत होतं. चॅसिसवरचे ब्रॅकेट कापले असते, तर ही गोष्ट तिथेच अडली असती. “चाचांनी बंपर ठेवलेत ना?” त्याने फोनवर विचारलं.

बंपर होते. डब्याही होत्या. भाऊ त्या पिशवीत घालून माझ्या घरी घेऊन आला. कागदांवर सगळं उर्दूत लिहिलेलं आणि भाऊ मराठी शाळेत शिकलेला. घरात आम्ही जी भाषा बोलतो, ती लिहिलेली त्याला वाचता येत नाही. आमच्या पिढीत अशी घरं पुष्कळ आहेत. त्यात त्याचा दोष नाही आणि त्याच्या शाळेचाही नाही. पण बापाने एवढ्या निगुतीने लिहून ठेवलेलं मुलाला वाचता येऊ नये, हे बघताना मला बोलायला शब्द सापडेना. वस्तू जपली, चिठ्ठी जपली, आणि चिठ्ठी वाचणारा घरात नाही.

मी एकेक डबी घेऊन वाचत गेले. ‘आगे, दायाँ, ऊपर.’ ‘आगे, बायाँ.’ ‘इसके वायसर नए हैं.’ मागच्या बाजूच्या डबीवर लिहिलं होतं, ‘तीन पूरे, एक टूटा.’ आणि साडीत गुंडाळलेल्या पट्टीला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर, ‘मिट्टी निकाली है, फिर देखना.’ ती वाचल्यावर भाऊ बराच वेळ बाहेर बघत बसला.

त्याने सुचवलं, नवे कागद लावू, मराठीत. मी जुने काढू दिले नाहीत. त्यांच्या ओळीखाली जागा होती, तिथे मराठी लिहिलं. मग त्यालाच कंटाळा येईस्तोवर ‘दायाँ’ आणि ‘बायाँ’ हे दोन शब्द गिरवायला लावले. वय चाळीसच्या घरातलं, हातावर ग्रीस, आणि बसलाय वहीत रेघा ओढत. मामी स्वयंपाकघरातून बघून हसत होत्या.

पुढच्या रविवारी बंपर बसले. सकाळी सुरू केलं, दुपारच्या जेवणाला काम संपलं होतं, कारण प्रत्येक बोल्टाला आपली जागा माहीत होती. बसवायच्या आधी भावाने दोन्ही पट्ट्या उलट्या करून आतून पाहिल्या, चिठ्ठीत सांगितलं होतं तसं. तुटलेल्या बोल्टाच्या जागी नवा घातला; तो बाकीच्यांपेक्षा जास्त चमकतो, लगेच ओळखू येतो. रिकामी डबी त्याने टाकली नाही. तिच्यावर स्वतः दोन्ही लिप्यांत लिहिलं, मागे डावा, नवा बोल्ट. मराठी नीट होतं. उर्दूत ‘बायाँ’च्या ‘बे’चा खालचा नुक्ता वर गेल्यामुळे तिची ‘नून’ झाली होती. मी शिक्षिका आहे, तेवढं दुरुस्त करून दिलं.